चर्चच्या टीमबरोबर युगांडात शाळा बांधायला गेले होते, पुढच्या वर्षी परत जावं का?

सावेडीकर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आता चर्चची मीटिंग दोन आठवड्यांवर आलीय म्हणून आज लिहूनच टाकते. लांबेल थोडं, चालवून घ्या.

मी मूळची नगरची, गेली चौदा वर्षं लेस्टरला. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती, पणजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकलेले. इथल्या आमच्या चर्चची टीम मागच्या जुलैत पूर्व युगांडात कुमी जिल्ह्यात गेली होती, अकरा जण, सोळा दिवस. काम काय तर एका सरकारी प्राथमिक शाळेत दोन वर्गखोल्या, मुलींचे संडास आणि पावसाच्या पाण्याची टाकी. मी टीमची खजिनदार, म्हणजे सगळा हिशेब माझ्याकडे आणि उरलेल्या वेळात विटा उचलायच्या.

शाळेची अवस्था आधी सांगते. युगांडात १९९७ ला सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, सुरुवातीला एका घरातल्या चार मुलांपुरतं. एका वर्षात शाळेतली मुलं ३० लाखांच्या आसपास होती ती ५० लाखांच्या वर गेली. पोरं आली, पण खोल्या त्या वेगाने कुठून उभ्या राहणार? आम्ही गेलो त्या शाळेत पहिलीच्या वर्गात १२० च्या वर पोरं, वर्ग आंब्याच्या झाडाखाली, फळा झाडाला टेकवलेला, पाऊस आला की शाळा सुटली.

तिथली माणसं तेसो. भेटलं की 'योगा' म्हणतात, फार आनंदाने म्हणायचं असेल तर 'योगा नोई'. पहिल्या दिवशी शंभरएक पोरं एका सुरात योगा योगा करत धावत आली तेव्हा मला वाटलं आपण इंडियाच्या म्हणून म्हणतायत की काय, नंतर कळलं नमस्कारच तो. जेवायला आटाप, म्हणजे नाचणीचं घट्ट उकडलेलं पीठ, बरोबर भाजी नाहीतर बीन्स. नाचणी मूळ आफ्रिकेच्या त्याच बाजूची, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली म्हणतात. माझी आजी करायची ती नाचणीची उकड आणि हे, हाताला अगदी सारखं लागतं, मला पहिल्याच घासाला भरून आलं.

आता मुद्द्याचं. आमच्यात बांधकामातलं कळणारा एकच माणूस, तोही प्लंबर. बाकी शिक्षिका, नर्स, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त पोस्टमन, मी. तिथले मिस्त्री, त्यांना फुंडी म्हणतात, चार जण होते आणि त्यांच्या हाताखाली सात आठ बिगारी. पहिले दोन दिवस आम्ही मागच्या भिंतीचे पाच थर लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर भिंत दोन थरांवर आलेली. मोठ्या फुंडीने संध्याकाळी आम्ही गेल्यावर ओळंबा लावून बघितलं आणि वाकडे थर उतरवून ठेवले, विटा खरवडून साफ करून बाजूला रचून ठेवल्या होत्या. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून कुणाला काही बोलला नाही. मी मुद्दाम विचारलं तेव्हा म्हणाला पोरं ह्या भिंतीला टेकून बसणार आहेत ना. त्या दिवसापासून मी थापीला हात लावला नाही, विटा द्यायच्या आणि मसाला कालवायचा एवढंच.

पण मला झोप लागत नाही ती भिंतीमुळे नाही, पाण्यामुळे. शाळेच्या आवारात हापसा आहे, आठ महिने बंद होता. आम्हाला हे जायच्या आधी कळवलेलं होतं, मोठ्या बाईंच्या ईमेलमध्ये एक ओळ होती, मी स्वतः वाचली होती आणि पुढे गेले. आम्हाला वाटलं बांधकामाला पाणी लागेल ते टँकरने वगैरे येईल. आलं कसं? सहावी सातवीच्या मुली पिवळे २० लिटरचे जेरीकॅन डोक्यावर घेऊन दलदलीकडच्या झऱ्यावरून आणत होत्या, एक खेप पाऊण तास. म्हणजे मुलींच्या शाळेसाठी आम्ही विमानाने गेलो आणि मुली वर्ग सोडून आमच्या सिमेंटला पाणी आणत होत्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं, मग पिकअप भाड्याने घेऊन ड्रम भरून आणायला लागलो, पण ते चार दिवस मी विसरू शकत नाही.

आणि संडासांचं. मोठ्या बाईंनी पहिली मागणी केली होती ती मुलींच्या संडासाची, वर्गखोल्या दुसऱ्या नंबरवर होत्या. तिथला नियम आहे ४० मुलांमागे एक, इथे सातशे मुलांना सहा आणि त्यातले दोन खचलेले. मोठ्या मुली महिन्याचे चार दिवस घरीच बसतात. आमच्या चर्चने क्रम उलटा केला कारण वर्गखोलीसाठी पैसे पटकन जमतात. शेवटी खोल्या पूर्ण झाल्या, टाकी झाली, संडास आम्ही निघालो तेव्हा जोत्यापर्यंत, नंतर फुंडींनी दीड महिन्यात पुरे केले.

हिशेब माझ्याकडे असल्याने सांगते, अकरा जणांचं विमान, व्हिसा, पिवळ्या तापाची लस, राहणं, गाडी हे धरलं तर खर्च विटा सिमेंट पत्रे आणि मजुरी ह्या सगळ्यापेक्षा जास्त झाला.

तर आता पुढच्या जुलैत परत जायचं का हे ठरवायचंय. मन म्हणतं जावं, माणसं भेटली, मोठ्या बाई दर रविवारी फोन करतात. हिशेबाची वही म्हणते पैसे पाठव. इथे बांधकामातले, शाळेतले, परदेशात असं काम केलेले लोक आहेत म्हणून विचारतेय, स्पष्ट सांगा.

दगडविटा

ताई छान लिहिलंय, भिंतीचा किस्सा वाचून त्या फुंडीला साष्टांग नमस्कार. मी ३० वर्षं साइटवर आहे, पाया गेला चुलीत, आधी दोन प्रश्न विचारतो. एक, भिंतीच्या वर पत्र्याखाली चारी बाजूंनी आरसीसी पट्टा फिरवला का? आणि कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्या पट्ट्यात बांधून घेतल्या की नुसत्या विटांवर ठेवल्या? उघड्या माळावर शाळेचे पत्रे पहिल्या मोठ्या वादळात जातात आणि जाताना वरचे तीन थर घेऊन जातात, आपल्याकडेही हेच होतं.

दुसरं, वीज. व्हिक्टोरिया सरोवराचा तो सगळा पट्टा जगात सगळ्यात जास्त विजा पडणाऱ्या भागांपैकी आहे. जून २०११ मध्ये युगांडातच किर्यांडोंगो जिल्ह्यात रुन्यान्या प्राथमिक शाळेवर वीज पडली, १८ मुलं गेली. पत्र्याचं छप्पर, खाली मातीची जमीन, अर्थिंग नाही, आणि पाऊस आला की सगळी पोरं आत गोळा. तुमच्या खोल्यांना वीजरोधक बसवला नसेल तर पुढच्या वर्षीचं पहिलं काम तेच धरा, तांब्याची तार चोरीला जाते म्हणून ती भिंतीला पक्की घ्या आणि अर्थिंगचा खड्डा पोरांच्या जाण्यायेण्यापासून लांब.

आणि विटा कुठल्या वापरल्या?

सावेडीकर

पट्टा फिरवलाय, फुंडीनेच आग्रह धरला, आमच्या प्लंबरला तो खर्च जास्त वाटत होता. कैच्या सळईने बांधल्यात. वीजरोधक नाही. २०११ चं मला माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला, आजच मोठ्या बाईंना फोन करते.

विटा तिथल्याच, वारुळाच्या मातीच्या, गावात भट्टी लावून भाजलेल्या. सरपण बघून जीव तुटला, किती झाडं गेली असतील.

दगडविटा

पुढच्या वेळी मुरमाचे दाबाचे ब्लॉक बघा, हाताने चालवायचं मशीन येतं, थोडं सिमेंट मिसळून दाबायचे आणि भिजवत ठेवायचे, भट्टी लागत नाही, एकमेकांत अडकतात म्हणून मसालाही कमी लागतो. युगांडात हे चांगलं रुळलंय, टाक्याही बांधतात त्याच्या. मात्र त्याला पाणी लागतं भिजवायला, म्हणजे तुमचा हापसा परत पहिला.

एकटा_वाटसरू

थोडं कडू वाटेल पण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून. १९९८ ला होंडुरासमध्ये मिच चक्रीवादळ आलं, त्यानंतर अमेरिकेतल्या चर्चच्या टीम घरं बांधायला गेल्या. कॅल्व्हिन कॉलेजच्या कर्ट व्हर बीक यांनी ह्याचा नीट अभ्यास केला, ते स्वतः ख्रिस्ती आणि होंडुरासमध्येच राहिलेले. तिथल्या संस्थेने तिथल्याच लोकांकडून घर बांधलं तर साधारण २००० डॉलर, टीम आली तर प्रवासासकट ३०००० डॉलर. आणि घर मिळालेल्यांच्या आयुष्यात टीमने बांधलं की गावच्या लोकांनी बांधलं ह्याने म्हणावा असा फरक दिसला नाही. जाऊन आलेल्यांना वाटत होतं आपण आता जास्त प्रार्थना करू, जास्त देऊ, त्याचाही मागे राहिलेला परिणाम फार थोडा.

तुमची वही खरं बोलतेय ताई. एका माणसाच्या तिकिटात तिथल्या चार फुंडींच्या घरी किती महिने चूल पेटेल हा हिशेब तुम्ही आमच्यापेक्षा चांगला मांडाल.

सावेडीकर

कडू नाही वाटलं, हेच माझ्या पोटात होतं. फक्त एक सांगते, आम्ही गेलो नसतो तर मुली पाणी आणतात हे मला कधीच कळलं नसतं, ईमेलमधली ती ओळ मी दुसऱ्यांदाही तशीच वाचली असती. आणि अकरापैकी सहा जण अजून दर महिन्याला पैसे देतायत. पण त्यासाठी अकरा लागत होते का, तर नव्हते.

रानजाई

एक विचारू का, राग मानू नका. अशा टीम शाळा बांधतात त्याच्यामागे धर्मांतर असतं असं सारखं ऐकतो. तुमचा अनुभव काय?

सावेडीकर

राग कशाला. युगांडात ८० टक्क्यांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत, गावातलं चर्च आमच्या चर्चपेक्षा दसपट भरलेलं, रविवारी तीन तास उभं राहून गातात. आम्हीच त्यांच्याकडून शिकून आलो. शाळा सरकारी, मुसलमान मुलंही आहेत, कुणाला बायबल घेतलंस तर वही देतो असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी परत फिरले असते. माझ्या श्रद्धेने मी गेले हे खरं आणि ते मी लपवत नाही, पण मुलीला संडास हवा असतो तो हवाच असतो.

भिंगारचा_म्हातारा

सावेडीकर, तुम्ही आमच्या गल्लीतल्याच म्हणायच्या. मी ख्रिस्ती नाही, पण मिशनच्या शाळेत शिकलो आणि त्याचं ऋण मानतो. रानजाई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण नगरचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ ला मुंबईला उतरले, १८२४ ला मुलींची शाळा काढली, १८३१ पासून नगरला. सिंथिया फरार बाई लग्न न करता आल्या आणि उभं आयुष्य मुलींच्या शाळांत घालवून नगरलाच गेल्या. जोतिरावांनी त्यांच्या मुलींच्या शाळा बघितल्या आणि त्यांनी स्वतः तसं सांगून ठेवलंय, मग पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण सावेडीकर, ह्यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला लागू पडते. फरार बाई सोळा दिवसांसाठी नव्हत्या आल्या. मराठी शिकल्या. आणि ज्या दिवशी आपली माणसं ते काम करायला लागली त्या दिवशी ते आपलं झालं.

जालनावाला

मी हापशासाठी आलोय. सावेडीकर ताई, हापसा कुठला आहे बघितलं का? युगांडात यू टू म्हणतात तो असेल तर तो आपला इंडिया मार्क टू आहे, आणि त्याच्या खानदानात जालना आणि सोलापूर आहे!

माझे वडील बोअरच्या गाडीवर होते म्हणून हे घरात ऐकलंय आणि नंतर वाचलंय. साठच्या दशकात बोअर मारायची यंत्रं आली, विहिरी सोडून बोअर झाले, पण वर बसवायचे ते बिडाचे हापसे, ते मूळ एका कुटुंबासाठी केलेले. गावातली दोनतीनशे माणसं दिवसभर हापसतायत म्हटल्यावर महिन्यात मोडायचे. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे लोक पाण्याचं काम करत होते, त्यांनी बिड सोडून पोलादाचा पंप करून बघितला, तो जालना पंप. मग सोलापूरला त्यात सुधारणा झाली, दांड्याला चौकोनी डोकं आणि आत साखळी, म्हणजे रॉड सरळच वर ओढला जातो, वाकडा घासत नाही. त्या सोलापूर पंपावरून युनिसेफ आणि आपल्या सरकारने सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू केला, आणि तो पुढे आफ्रिकाभर गेला.

तुम्ही धागा काढलात मिशनच्या टीमने शाळा बांधण्यावर, आणि त्या शाळेच्या अंगणात उभा हापसा मिशनच्या लोकांनी मराठवाड्यात सुरू केलेल्या कामातून आलेला. मला तर हे वाचून काय वाटलं सांगता येत नाही.

आता कामाचं. मोडलंय काय? वॉशर, साखळी की पाईप?

सावेडीकर

दादा!! हिरव्या रंगाचा, चौकोनी डोक्याचा, अगदी आमच्या आजोळच्या मारुतीच्या देवळापुढे होता तसाच, मी फोटो काढून आईला पाठवला होता की बघ आपला हापसा. जालन्याचं काहीच माहीत नव्हतं.

जिल्ह्याचा मेकॅनिक येऊन गेला, चामड्याचे वॉशर बदलले, आता चालतोय. पण पाणी लाल येतं, कपडे पिवळे पडतात, चहा काळा होतो, म्हणून बायका परत झऱ्यावर जातात. गावात म्हणतात जमिनीतच लोखंड आहे, काही होणार नाही.

जालनावाला

असं सगळीकडेच म्हणतात आणि पुष्कळदा ते खरं नसतं. तिथलं पाणी थोडं आंबट असतं, ते आतले जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप, खातं आणि गंज पाण्यात येतो. ओळखायची साधी युक्ती सांगतो. रात्रभर हापसा बंद ठेवायचा. सकाळी पहिली बाटली भरून ठेवायची, मग न थांबता हापसत राहायचं, पाच पाच मिनिटांनी एक बाटली, अर्धा तास. बाटल्या ओळीने ठेवून बघायच्या. शेवटपर्यंत सारखाच लाल रंग असेल तर लोखंड जमिनीतलं. पहिली लाल आणि पुढे पुढे स्वच्छ होत गेली तर पाईप गंजतायत, पाईप बदलले की पाणी स्वच्छ. पोरांकडूनच करून घ्या, त्यांना मजा येईल.

वर्ग_चौथी

मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणून लिहिते. पालघर जिल्ह्यात आदिवासी पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमच्याकडेही टीम येतात, धर्माच्या नाही, कंपन्यांच्या. शनिवारी बस येते, सगळे एका रंगाचे टीशर्ट, भिंती रंगवतात, मुलांना खाऊ देतात, माणसं मनाने चांगली असतात. तीन वर्षांत तीन टीमनी एकच भिंत तीनदा रंगवली. एका कंपनीने मुलींसाठी टाइल्स लावून सुंदर स्वच्छतागृह बांधून दिलं, पाण्याची लाइन त्यात नव्हती, ते आज कुलपात आहे आणि चावी माझ्या पर्समध्ये आहे. मुली झाडीतच जातात.

कुणीतरी यायच्या आधी मला विचारावं एवढंच मला वाटतं. आणि विचारलं तर मी जे सांगेन ते करावं, त्यांच्या यादीत बसेल ते नाही. ताई, तुमच्या मोठ्या बाईंनी मुलींचे संडास पहिले लिहिले होते हे वाचून मला रडू आलं, कारण मी पण तेच लिहिते दर वर्षी. तुम्ही जा किंवा जाऊ नका, त्या बाईंचा पहिला नंबर पहिला ठेवा.

एकटा_वाटसरू

वर्ग_चौथी, तुमच्या शाळेला पाण्याची लाइन किती लांबून आणावी लागेल? मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आणि दोघं तिघं मित्र बघतो काय करता येतं ते. तुमच्या यादीप्रमाणेच.

सावेडीकर

मीटिंग परवा झाली, सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

मी वर्ग_चौथी यांची पोस्ट इंग्रजीत करून मीटिंगमध्ये वाचून दाखवली. होंडुरासचे आकडे आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. खूप शांतता झाली, कारण गेलेल्यांपैकी सहा जण समोर बसले होते आणि कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मग आमच्या निवृत्त पोस्टमननी नहेम्याची गोष्ट काढली. नहेम्या परदेशात राजाच्या नोकरीत होता, यरुशलेमचा कोट पडलाय कळल्यावर राजाकडून परवानगीची पत्रं आणि लाकूड घेऊन आला, आल्यावर तीन दिवस थांबला, मग कुणाला काही न सांगता रात्री थोडीच माणसं बरोबर घेऊन फिरून पडझड बघून आला. आणि कोट बांधला कुणी तर तिथल्याच लोकांनी, पुष्कळांनी तर आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला. मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण पोस्टमनकाका ती सांगत असताना माझ्या डोळ्यासमोर तो फुंडी होता, त्याच्या दोन मुली त्याच शाळेत आहेत.

ठरलं ते असं. अकरा जणांची टीम जाणार नाही. दोघं जातील, प्लंबर आणि मी, शाळेला सुट्टी नसताना आणि बाई म्हणतील तेव्हा. वाचलेले पैसे फुंडींच्या मजुरीला आणि मोठ्या बाईंच्या यादीला, त्यांच्याच क्रमाने. यादीत आता पहिलं पाणी, दुसरा वीजरोधक (दगडविटा, त्यांनाही २०११ चं आठवत होतं, त्या म्हणाल्या तेव्हापासून आभाळ आलं की मी पोरांना मोजते), तिसरं मुलींच्या संडासाशेजारी कपडे बदलायची खोली. गावातल्या दोन बायकांना हापशाच्या दुरुस्तीचं शिक्षण आणि हत्यारांची पेटी. ज्यांना जायचं होतं त्यांच्यापैकी एक कॉलेजची मुलगी नाराज झाली, मला समजतं, मी तिच्या वयाची असते तर मीही झाले असते.

शेजारी एक गुजराती आजी राहतात, पूर्व युगांडातल्याच सोरोटीला जन्मलेल्या. १९७२ ला इदी अमीनने ९० दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा एक बॅग घेऊन इथे आल्या. त्यांनी काल एक पाकीट आणून दिलं, म्हणाल्या मुलींच्या पाण्याला घाल.

आणि जालनावाला दादा, सातवीच्या पोरांनी बाटल्या भरल्या, बाईंनी फोटो पाठवलाय. ओट्यावर सात बाटल्या ओळीने, प्रत्येकीवर खडूने नंबर घातलेला. पहिली चहासारखी, तिसरी फिकट, सहावी आणि सातवी आरपार दिसतेय, मागे उभ्या पोरीच्या फ्रॉकची बटणं मोजता येतात. म्हणजे पाईपच ना? बोअर किती खोल आहे ते जिल्ह्याच्या ऑफिसात विचारायला सांगितलंय. स्टेनलेसचे घ्यायचे की प्लॅस्टिकचे?

जालनावाला

पाईपच. खोली कळली की सांगा, ३० मीटरच्या आत असेल तर एक सांगतो, जास्त असेल तर वेगळं. आणि रॉडचंही बघायला लागेल, पाईप गंजलेत म्हणजे रॉडही गंजले असणार. त्या दोन बायकांपैकी कुणाकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे का? जोड कसे आवळायचे त्याचे व्हिडिओ काढून पाठवतो, आमच्या मळ्यातला हापसा अजून चालू आहे, तोच उघडून दाखवतो.

सावेडीकर

एकीकडे आहे. नंबर व्यनितून पाठवते. त्यांना मराठी येत नाही पण हात बघून कळेल त्यांना.